मद्यपानाचा प्रश्न आणि सार्वजनिक आरोग्य

मद्यपानाविषयी आपल्या समाजात आजवर जे लिहिले व बोलले गेले, त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एक प्रकार कीर्तनकाराचा. तो पिणाऱ्याला उपदेश करतो, त्याच्या बायकामुलांची दैन्यावस्था डोळ्यांपुढे उभी करतो आणि त्याच्या सद्बुद्धीला आवाहन करतो. दुसरा प्रकार वकिलाचा. माणसाने काय खावे, काय प्यावे यात सरकारला ढवळाढवळ करण्याचा अधिकार आहे की नाही, हा त्याचा वादविषय. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तथापि या दोहोंहून वेगळी अशी तिसरी एक दृष्टी आहे, आणि ती म्हणजे सार्वजनिक आरोग्याची. आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या दृष्टीचा परिचय करून द्यावा, या हेतूने आम्ही हा पाठ लिहीत आहोत. बडोद्यासारख्या दारूबंदीच्या राज्यातील शहरात हा विषय अप्रस्तुत आहे, असे काही वाचकांस वाटेल. तो येथे अधिकच प्रस्तुत का आहे, हे पुढे ओघाने येईल.

१. प्रश्न पाहण्याची रीत

एखाद्या पेठेत पटकीची साथ आली, तर वैद्य रोग्याला औषध देतो. आरोग्य खात्याचा अधिकारी मात्र रोग्याच्या खाटेशी थांबत नाही. तो पेठेतले पाणी कोठून येते, नळ कोठे फुटला आहे, गटार कोठे मिसळते याचा शोध घेतो. त्याचा रोग्यावर राग नसतो आणि रोग्याच्या स्वभावाविषयी त्याला कुतूहलही नसते. मद्यपानाच्या बाबतीत हीच रीत लावायची म्हणजे ‘अमका माणूस का पितो?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘या गावात दारू किती, कोठे, किती वाजेपर्यंत, कोणत्या किमतीला व कोणाला विकली जाते?’ हा प्रश्न विचारायचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर घरोघर निराळे येते. दुसऱ्याचे उत्तर मोजता येते आणि समाजाने मनावर घेतले तर बदलताही येते.

मोजण्यासारखे पुष्कळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०१९ या एका वर्षी जगात सुमारे २६ लक्ष मृत्यू मद्यामुळे घडले. यकृत कठीण होऊन निकामी होणे हा त्यातला सर्वांच्या परिचयाचा भाग. पण तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांत स्तन, यांच्या कर्करोगाशीही मद्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. त्यावाचून रक्तदाब, पक्षाघात, क्षयरोगाची वाढती शक्यता, रस्त्यावरील अपघात, आत्महत्या आणि घरातली मारझोड. या यादीतले शेवटचे प्रकार नीट पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. दारू पिणारा एक असतो आणि तिचे फळ भोगणारे अनेक असतात. म्हणूनच हा केवळ खाजगी आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

आणखी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. ‘दारुड्या’ या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे गटाराकाठी पडलेला मनुष्य येतो, आणि आपण तसे नसल्याचे समाधान वाटते. परंतु समाजातील एकूण हानीचा मोठा भाग अशा माणसांकडून होत नसून, अधूनमधून बेताने किंवा बेताबाहेर पिणाऱ्या पुष्कळ माणसांकडून होतो. त्यांपैकी प्रत्येकाचा धोका थोडा असतो, पण त्यांची संख्या मोठी असते. लग्नाच्या वरातीत दोन पेले घेऊन मोटारसायकल चालवणारा तरुण कोणाच्याही व्याख्येने दारुडा नव्हे, तरीही अपघात विभागात तोच आणला जातो.

२. परदेशातील तीन अनुभव

उपदेशाने फरक पडतो की व्यवस्थेने, हे ठरवण्यास प्रयोगशाळा उपयोगी पडत नाही. परंतु काही देशांत कायदे अचानक बदलले आणि त्यांचे परिणाम मोजले गेले. त्यांपैकी तीन उदाहरणे येथे देतो.

पहिले उदाहरण डेन्मार्कचे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, धान्याची टंचाई पडल्यामुळे तेथील सरकारने कडक दारूवरील कर एकदम इतका वाढवला, की बाटलीची किंमत दहापटीहून अधिक झाली. नीतीचा उपदेश कोणी केला नाही, कायमची बंदी कोणी घातली नाही. दोन वर्षांत एकूण मद्यसेवन सुमारे तीन चतुर्थांशाने घटले. अतिमद्यपानाने होणाऱ्या उन्मादवाताचे रोगी, जे इस्पितळांत नित्य दिसत, ते अगदी थोडे राहिले. पुष्कळ लोक स्वस्त बियरकडे वळले आणि बियर पिऊन राहिले. सामान्य समज असा, की व्यसनी मनुष्य किंमत पाहत नाही. डेन्मार्कचा अनुभव असा, की व्यसनी मनुष्यच किंमत सर्वांत अधिक पाहतो, कारण त्याला सर्वांत अधिक बाटल्या घ्याव्या लागतात.

दुसरे उदाहरण फिनलंडचे, आणि ते उलट दिशेचे आहे. तेथे मद्य फक्त सरकारी मक्तेदारीच्या मोजक्या दुकानांत मिळे आणि खेडोपाडी तर दुकानेच नव्हती. लोकांनी कडक दारू सोडून सौम्य बियरकडे वळावे, अशा सद्हेतूने १९६९ च्या आरंभापासून मध्यम प्रतीची बियर किराणा दुकानांत विकण्यास मोकळीक दिली गेली. अपेक्षा अशी होती, की बियर कडक दारूची जागा घेईल. प्रत्यक्षात बियर कडक दारूच्या जोडीला येऊन बसली. एका वर्षात एकूण सेवन ४६ टक्क्यांनी वाढले. १९६८ मध्ये दरडोई सुमारे तीन लिटर शुद्ध मद्यार्क इतके असलेले प्रमाण १९७५ पर्यंत सहा लिटरांच्या पुढे गेले. फिन लोकांचा स्वभाव वर्षभरात बदलला नव्हता. फक्त दुकान घराजवळ आले होते. याच अनुभवाच्या सावलीत फिनलंडचे केट्टिल ब्रून व त्यांचे सहकारी यांनी १९७५ साली जो ग्रंथ लिहिला, त्याने मद्यनियंत्रण हा आरोग्यधोरणाचा विषय आहे, ही गोष्ट जगापुढे मांडली.

तिसरे उदाहरण अलीकडचे, स्कॉटलंडचे. तेथे अति स्वस्त दारू हीच अति पिणाऱ्यांची दारू झाली होती. २०१२ साली कायदा झाला, की मद्यार्काच्या प्रत्येक ठराविक मापाला अमुक एका किमतीहून कमी दर लावता येणार नाही. व्हिस्की उत्पादकांच्या संघटनेने न्यायालयांत पाच वर्षे झुंज दिली. सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवल्यावर १ मे २०१८ पासून तो अमलात आला. तेथील सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये काढलेल्या निष्कर्षाप्रमाणे, कायदा नसता तर जितके झाले असते त्याहून केवळ मद्यजन्य मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाले, आणि हा लाभ गरीब वस्त्यांत अधिक दिसला. मात्र ज्यांना दारूवाचून हातपाय कापू लागतात, अशा पूर्ण अधीन झालेल्या माणसांना केवळ किमतीने फारसा फायदा झाला नाही. काहींनी जेवणाचे पैसे दारूकडे वळवले. त्यांना औषधोपचारच हवा होता. हा भेद पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

३. एकच कायदा, दोन घरे

आता आपल्या घरी येऊ. मुंबई इलाख्यात दारूबंदीचा पहिला मोठा प्रयोग बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने केला. त्याचे पुढारपण आरोग्यमंत्री डॉ. गिल्डर यांच्याकडे होते, आणि ते स्वतः हृदयरोगाचे नामांकित वैद्य होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात बंदी जाहीर झाली. पण महायुद्ध सुरू होऊन त्या वर्षअखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रयोग अर्धवट राहिला. स्वातंत्र्यानंतर तो पुन्हा हाती घेण्यात आला. १९४९ साली मुंबई दारूबंदी अधिनियम झाला. त्याच वर्षी १ मे रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले होते, त्यामुळे तो कायदा आपल्या शहरालाही लागू झाला. १९५१ मध्ये बलसारा यांच्या अर्जावर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने औषधे व प्रसाधने यांसंबंधीची काही कलमे रद्द केली, परंतु कायद्याचा मुख्य भाग मान्य केला. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात तर औषधाखेरीज मादक पेयांच्या सेवनास बंदी आणण्याचा प्रयत्न करणे हे राज्याच्या आरोग्यविषयक कर्तव्याशी जोडूनच सांगितलेले आहे.

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि एकाच कायद्याला दोन घरे मिळाली. गुजरातने बंदी राखली. महाराष्ट्राने साठीच्या दशकापासून ती टप्प्याटप्प्याने सैल केली. कायद्याचा सांगाडा तोच, पण त्यावर परवान्यांची व्यवस्था उभी राहिली, आणि ‘परमिट रूम’ हा शब्द मराठीत रुळला. आपल्यापैकी अनेकांची सोयरीक पुण्या-नाशकाकडे आहे. एका घरात जे पेय उघड कपाटात असते, तेच दुसऱ्या घरात गुन्हा ठरते, ही विसंगती आपण लग्नकार्यात नेहमी पाहतो. परंतु दोन्ही घरांचा कायदा एकाच आजोबांचा आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

दोन्ही घरांचा हिशेब काय सांगतो? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ वर्षांवरील पुरुषांपैकी आपण मद्य घेतो असे सांगणारे गुजरातमध्ये सुमारे ६ टक्के, महाराष्ट्रात सुमारे १४ टक्के, गोव्यात सुमारे ३७ टक्के आणि तेलंगणात सुमारे ४३ टक्के होते. सबंध भारताचा आकडा सुमारे १९ टक्के होता. बंदीच्या राज्यात मनुष्य खरे सांगण्यास कचरतो, हे गृहीत धरून यातून काही वजावट केली पाहिजे. तरीसुद्धा अंतर मोठे आहे. ‘दारूबंदीने काहीच होत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी या अंतराचा विचार करावा. दुकान उघड नसणे, पाटी नसणे, पहिला पेला सहज हाती न येणे, याचा तरुण पिढीवर परिणाम होतो. फिनलंडचा धडाच येथे उलट्या दिशेने वाचावयास मिळतो.

४. कुंपणाच्या आतले विष

परंतु हिशेबाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. १९८९ मध्ये आपल्याच बडोद्यात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. २००९ च्या जुलैत अहमदाबादेत तसेच घडले आणि तेथेही मृतांची संख्या शंभरावर गेली. त्यानंतर अशा प्रकरणांत देहान्तापर्यंत शिक्षेची तरतूद राज्याच्या कायद्यात करण्यात आली. तरीही २०२२ च्या जुलैत बोटाद जिल्ह्याच्या बाजूस चाळीसहून अधिक लोकांचा बळी गेला. शिक्षेची जबर वाढ एवढ्यानेच काम भागत नाही, असे यावरून दिसते.

याचा अर्थ बंदी उठवली की विष नाहीसे होईल, असा कोणी काढील तर तोही चुकेल. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये शंभरावर लोक विषारी दारूने मेले, आणि मुंबईत काही दारूबंदी नव्हती. तेथे परवान्याची दुकाने होती, पण मजुराच्या खिशाला परवडणारी दारू पिशवीतलीच होती. विषारी दारूचे मूळ बंदीत जितके आहे, तितकेच गरिबीत आणि कारखान्यातील रसायनाच्या सैल बंदोबस्तात आहे.

हे विष काय करते, हे प्रत्येक घराने समजून घ्यावे. पिण्याच्या दारूत इथाइल अल्कोहोल असते. रंग, वार्निश इत्यादींच्या उद्योगांत वापरले जाणारे मिथाइल अल्कोहोल दिसण्यात व वासात बरेचसे तसेच असते, आणि ते स्वस्त पडते. शरीरात गेल्यावर यकृत त्याचे रूपांतर प्रथम फॉर्मल्डिहाइडमध्ये व नंतर फॉर्मिक आम्लात करते. खरे विष हे आम्ल होय. या क्रियेला वेळ लागतो, म्हणून पिणारा रात्री नेहमीसारखा झोपतो आणि लक्षणे बहुधा बारा ते चोवीस तासांनी दिसू लागतात. पोटात तीव्र कळा, ओकारी, डोके दुखणे, धाप आणि डोळ्यांपुढे धुके किंवा बर्फ दिसावे तसे पांढुरके दिसणे, ही त्याची खूण आहे. दृष्टीच्या शिरेवर आघात होत असल्यामुळे वाचलेला मनुष्यही कधी कायमचा आंधळा होतो. लवकर इस्पितळात नेल्यास उतारा आहे. विषाचे रूपांतर थांबवणारी औषधे आहेत आणि रक्तशुद्धीकरणाने विष काढून टाकता येते. घरी लिंबू-मीठ देणे किंवा दुसरी दारू पाजणे हा उपाय नव्हे. एका घोळक्यात प्यायलेल्यांपैकी एकास लक्षण दिसले, तर उरलेल्यांनीही, त्यांना काही वाटत नसले तरी, त्याच गाडीतून जावे.

आमचे मुख्य म्हणणे येथूनच सुरू होते. बंदीच्या राज्यात अशा वेळी घरचे लोक पोलिसांच्या आणि अब्रूच्या भीतीने थांबतात. सकाळपर्यंत पाहू, असे म्हणतात. तेवढ्या तासांत डोळे जातात, प्राण जातात. कायद्याने दारू थोडी केली हे खरे, पण कायद्याच्या छायेत आजार लपवण्याची सवयही वाढली. दारूबंदीचे धोरण आरोग्यासाठी असेल, तर रोग्याला इस्पितळाची वाट मोकळी ठेवणे हा त्या धोरणाचाच भाग होय.

५. कायद्यामागे गाव उभे असेल तर

कायदा एकटा किती दूर जातो, याचे उत्तर महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला मिळते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या व इतर कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांतून लोकचळवळ उभी राहिली आणि १९९३ मध्ये तेथे जिल्हाबंदी झाली. बंदी झाल्यावर काम संपले, असे तेथे मानले गेले नाही. २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या नावाने गावोगावच्या समित्या, व्यसनोपचार आणि शासनाची अंमलबजावणी यांची सांगड घालण्याचा प्रयत्न सुरू झाला. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ मध्ये, अवैध विक्री वाढल्याचे कारण देऊन, शासनाने ती उठवली. लगतच्या दोन जिल्ह्यांची ही दोन फळे सरकारी हुकूम व गावाचा संकल्प यांतील अंतर दाखवतात.

महाराष्ट्रात आणखी एक सोय आहे. एखाद्या गावातील वा प्रभागातील एक चतुर्थांश स्त्री-मतदारांनी मागणी केल्यास दारूच्या दुकानाविषयी गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी चिन्हे असतात. एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी बाटली आडवी केली, तर दुकान बंद होते. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आपले मत देता यावे अशी ही योजना आहे. पाणी भरणारी, डबे करणारी, रात्री मार खाणारी बाई या प्रश्नात प्रथमच पक्षकार म्हणून उभी राहते, आणि धोरणात तिचा आवाज येतो.

हैदराबादकडील आपल्या मराठी बांधवांना याचे दुसरे उदाहरण आठवत असेल. १९९२ मध्ये आंध्र प्रदेशाच्या नेल्लोर जिल्ह्यात दुबगुंटा येथील साक्षरता वर्गातून बाहेर पडलेल्या स्त्रियांनी अरक विक्रीविरुद्ध उठाव केला. तो राज्यभर पसरला. १९९५ मध्ये संपूर्ण बंदी झाली आणि १९९७ मध्ये, मुख्यतः महसुलाच्या ओढीने, ती मागे घेण्यात आली. दारूवरील कर हे राज्यांच्या उत्पन्नाचे मोठे साधन असल्यामुळे हे पुन्हापुन्हा घडते. ज्या खात्याने विक्री आवरायची, त्याच खात्याकडून विक्रीचे उत्पन्न वाढवण्याची अपेक्षा केली जाते. कुंपणालाच शेताचा हिस्सा दिला, तर राखण कोणी करायची?

६. पाच उपाय

जगभरच्या अशा अनुभवांचे सार काढून जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली पाच उपाय पुढे ठेवले. ते पाठ करण्याजोगे आहेत.

पहिला उपाय, उपलब्धता आवरणे. दुकानांची संख्या, वेळा, जागा आणि खरेदीदाराचे वय यांवर निर्बंध ठेवणे. राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरांच्या आत दारूची दुकाने नकोत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला, तो याच जातीचा. लहान गावांसाठी व शहरांसाठी त्यात पुढे सवलती दिल्या गेल्या.

दुसरा उपाय, पिऊन वाहन चालवण्यास आळा. आपल्या देशात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास गुन्हा होतो. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्यास दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवले आहे. मात्र दंडाच्या आकड्यापेक्षा, रस्त्यावर तपासणी होणारच अशी खात्री, हीच अधिक परिणाम करते.

तिसरा उपाय, तपासणी आणि उपचार सुलभ करणे. याविषयी पुढे सविस्तर लिहितो.

चौथा उपाय, जाहिरातीस बंदी. आपल्याकडे दारूची उघड जाहिरात दूरदर्शन संचावर करता येत नाही, म्हणून त्याच नावाने सोडा, पाणी वा संगीत विकण्याचा देखावा केला जातो. मुलांना नाव पाठ होते, हाच हेतू असतो.

पाचवा उपाय, कर व किंमत. डेन्मार्क व स्कॉटलंड येथील अनुभव आपण पाहिला.

या पाचांपैकी बडोद्यात पहिला व चौथा हे उपाय बऱ्याच अंशी कायद्यानेच झालेले आहेत. पाचवा आपल्या हाती नाही. दुसऱ्यात आपला वाटा शिस्तीचा आहे. राहिला तिसरा. दारूबंदीच्या राज्यात तोच सर्वांत दुबळा राहण्याचा धोका असतो, कारण ‘येथे दारू नाही, मग दारूचा रोगी कोठला?’ असे म्हणणे सर्वांना सोयीचे जाते.

७. आपल्या संस्थेचे कर्तव्य

देशव्यापी पाहणीचा २०१९ सालचा अहवाल सांगतो, की मद्याच्या अधीन झालेल्या ३८ माणसांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या प्रकारची मदत मिळते. उरलेल्या ३७ जणांचे काय होते? ते कोणत्या ना कोणत्या घरात असतात, आणि त्यांतली काही घरे आपल्या सभासदांचीही असणार. पन्नास वर्षांत संस्थेने फीसाठी, पुस्तकांसाठी, शस्त्रक्रियेसाठी हात दिला. परंतु आपल्यासारख्या संस्थांच्या साहाय्य समित्यांत एक अलिखित नियम असतो. आजार दारूचा आहे असे कळले, की ‘हा त्याने आपल्या हाताने ओढवून घेतला’ असे म्हणून अर्ज बाजूस पडतो. म्हणून घरची बाई अर्जात ‘कावीळ’ लिहिते, ‘पोटाचा विकार’ लिहिते. तिला खोटे लिहावे लागते, आणि वैद्यालाही अर्धीच हकीकत कळते.

आमची समितीस सूचना आहे, की हा नियम सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी मोडावा. मद्याधीनता हा उपचार करण्याजोगा आजार आहे, असे मानून साहाय्य निधीतून व्यसनोपचाराचा खर्च देण्याची तरतूद करावी. यातून व्यसनास उत्तेजन मिळेल, अशी शंका घेतली जाईल. क्षयरोग्याला मदत केल्याने क्षय वाढल्याचे कोणी ऐकलेले नाही. उलट उपचार झालेला मनुष्य पुन्हा कमावू लागला, तर एरवी त्याच्या बायकोकडून व मुलांकडून येणारे चार अर्ज येण्याचे थांबतात.

उपचार म्हणजे काय, याचीही माहिती असावी. दहा साध्या प्रश्नांची एक तपासणी आहे. पिणे किती, किती वेळा, सकाळी उठल्यावर लागते काय, घरच्यांनी चिंता व्यक्त केली आहे काय, असे तिचे स्वरूप असते. कोणताही डॉक्टर पाच मिनिटांत ती करू शकतो. बेताबाहेर जाऊ लागलेल्या माणसाला डॉक्टरने त्याच वेळी शांतपणे, न रागावता, दहा मिनिटे समजावून सांगितले, तरी पुष्कळांचे पिणे कमी होते, असा अनेक देशांतील अनुभव आहे. पूर्ण अधीन झालेल्याची गोष्ट वेगळी आहे. अशा माणसाला खोलीत कोंडून दारू एकदम तोडणे घातक ठरते. त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होतो, प्रसंगी मृत्यूही येतो. ‘देवाची शपथ घातली आणि सोडवली’ असे अभिमानाने सांगण्यापूर्वी त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवावे. त्यानंतर औषधे, समुपदेशन आणि दारू सोडलेल्यांच्या मंडळांची साथ, यांचा उपयोग होतो. पुन्हा घसरला म्हणून सर्व वाया गेले असे मानू नये. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून आपण त्याला घराबाहेर काढत नाही. केंद्र सरकारचा १४४४६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक याच कामासाठी आहे. तो संस्थेच्या फलकावर कायम लिहिलेला असावा.

आणि एक शेवटची गोष्ट. घरातील मुलांशी याविषयी बोलावे. शिकण्यासाठी वा नोकरीसाठी आपली मुले पुणे, मुंबई, बंगळूर येथे जातात. कायद्याच्या कुंपणात वाढलेला मुलगा कुंपण नसलेल्या गावी प्रथमच एकटा राहतो. येथे आपण त्याला काही सांगितले नाही, कारण येथे ‘तो विषयच नव्हता’. तेथे त्याला सांगणारे निराळे भेटतात.

मद्याचा प्रश्न एका उपायाने सुटत नाही. बंदीने दुकान दूर जाते, किमतीने पेला लहान होतो, तपासणीने रस्ता निर्वेध होतो. परंतु जो आधीच बुडाला आहे, त्याला हात देणे कायद्याच्या कलमात बसत नाही. ते काम शेजाऱ्याचे, नातेवाइकाचे आणि आपल्यासारख्या संस्थेचे आहे. समितीने पुढील सर्वसाधारण सभेत ही सूचना विचारार्थ ठेवावी आणि सभासदांनी तिच्यावर मोकळेपणाने मत द्यावे, अशी आमची विनंती आहे.

अभ्यासमंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. फिनलंडमध्ये सौम्य बियर सुलभ केल्यावर एकूण मद्यसेवन का वाढले? आपल्या परिचयातील एखाद्या गावाशी याची तुलना करा.

२. गुजरात आणि महाराष्ट्र यांच्या कायद्याचे मूळ एकच असता परिणाम भिन्न का झाले? दोन्हीकडचे लाभ व तोटे मांडा.

३. बडोदे, अहमदाबाद व मालवणी येथील विषारी दारूच्या दुर्घटनांवरून बंदीविषयी कोणता निष्कर्ष काढता येतो, आणि कोणता काढता येत नाही?

४. मद्याधीन सभासदाच्या उपचारास संस्थेने साहाय्य द्यावे काय? द्यावे असे वाटल्यास कोणत्या अटींवर, आणि न द्यावे असे वाटल्यास त्याच्या कुटुंबाचे काय करावे?